अनशापोटी घेतलेल्या पांढऱ्या गोळ्या

माझ्या पोटातून रक्त गेलं तेव्हा सगळ्या चौक गावाने दोष दारूला दिला. दारूची बाजू घ्यायला मी काही तिचा वकील नाही. पण तिला एकटीला धरून शिक्षा झाली, आणि तिच्या जोडीचा दुसरा चोर सोवळं नेसून देव्हाऱ्यापाशी बसला होता, त्याच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. तो दुसरा चोर म्हणजे अंगदुखीची पांढरी गोळी. अ‍ॅस्पिरिन म्हणतात तिला. आमच्याकडे ती वाण्याच्या दुकानात काडेपेटीच्या शेजारी मिळते.

कर्जतच्या दवाखान्यातले डॉक्टरसाहेब मला निघताना म्हणाले होते, की नामदेव, मी सांगितलं तर लोक मान हलवतात आणि घरी जाऊन हवं तेच करतात, तू सांगितलंस तर ऐकतील. म्हणून हे लिहितो. मी सुतार माणूस, मराठी चौथीपर्यंत शिकलो, पुढे हातात लाकूड तासायचं वाकस आलं. तेव्हा कुठे तासायचं राहिलं असेल तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

धाव चढवायचा दिवस

मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर आमचं गाव. मोटारी वाढल्या तरी बैलगाड्या आहेतच, आणि गाड्या आहेत तोवर चाकं मोडणार. माझा बाप चाकं करायचा, मीही तेच करतो. लाकडाचं चाक तयार झालं की त्याच्यावर लोखंडाची धाव, म्हणजे गोल पट्टी, बसवायची. शेणी रचून मोठा गोल आर, म्हणजे जाळ, करायचा, त्यात धाव लाल होईस्तोवर तापवायची, चौघांनी सांडशीने उचलून चाकावर घालायची आणि लगेच वरून पाणी ओतायचं. धाव आवळते आणि सगळे सांधे कटकट वाजत घट्ट बसतात. जरा चुकलं तर लाकूड जळतं, नाहीतर धाव वाकडी बसते.

त्या दिवशीचा आमच्या घरातला रिवाज असा, की धाव बसेपर्यंत कुणी तोंडात घास घालायचा नाही. बाप म्हणायचा, उपाशी हात खरा, जेवलेला हात आळशी. धाव बसली की गाडीवाला मोहाची बाटली काढतो. थोडी चाकावर शिंपडतो, बाकीची काम करणाऱ्यांची. जेवण त्याच्या नंतर. म्हणजे सकाळपासून उपाशी, आगीपुढे भाजलेला माणूस पहिली वस्तू पोटात घालणार ती दारू. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

त्या वर्षी भात झोडून झालं, पेंढा वाहायचे दिवस आले, आणि धोंडूदादाच्या गाडीचं एक चाक माझ्याकडे आलं. धोंडूदादा जवळच्याच वाडीचा, माझ्या बापाच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. पावसाळ्यापासून माझा उजवा खांदा धरला होता. वाकस उचललं की मानेपर्यंत कळ जायची. आमच्या गावचे दुकानदार कासमभाई मला गोळ्या द्यायचे. मूळचे मुरुडकडचे, पण त्यांच्या वडिलांपासून दुकान इथेच. ते सांगायचे, एक घे, फार तर दोन. एवढंच त्यांना ठाऊक होतं आणि एवढंच त्यांनी सांगितलं.

ती कशी घ्यायची हे मात्र मी माझ्या अकलेने ठरवलं. आता औषध कसं घ्यावं हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. एक तर अनशापोटी, म्हणजे लवकर लागू पडतं. आणि दुसरं, नुसतं घ्यायचं नाही, काहीतरी अनुपान हवं. वैद्य मात्रा मधात देतो, तुपात देतो, आल्याच्या रसात देतो. अंगदुखीची मुळी तर आमच्या भागात मोहाच्या दारूतच उगाळतात, माझ्या बापालाही तशीच दिलेली मी पाहिली आहे. तेव्हा मी गोळ्या वाटीत चुरायच्या, त्याच्यावर घोटभर मोहाची ओतायची, बोटाने ढवळायचं आणि घ्यायचं. मला वाटे, विलायती औषधाला देशी अनुपान जोडलं, आता गुण दुप्पट.

धोंडूदादाची धाव झकास बसली. बाटली निघाली. मी प्यालो, आणि खांदा ठणकत होता म्हणून त्याच घोटाबरोबर दोन गोळ्या घेतल्या. सगुणाने, म्हणजे माझ्या बायकोने, ताट वाढलं होतं. मी नंतर जेवतो म्हटलं आणि तसाच आडवा झालो.

सकाळी डोकं घणाखाली सापडल्यासारखं झालं. दारूचा उतारा दारूनेच करतात, ते केलं, आणि डोक्यासाठी आणखी दोन गोळ्या. अनशापोटी, अर्थातच. पोटात आग पडली. आग म्हणजेही दुखणंच, म्हणून दुपारी परत त्याच गोळ्या. माझं शहाणपण असं एकाला एक जोडून चाललं होतं.

काळं

त्यानंतर मला परसाकडे काळं झालं. आमच्या रस्त्यावर तेव्हा डांबर टाकत होते. तसंच काळं, चिकट, आणि वास वेगळाच. मी म्हटलं, उष्णता झाली. सगुणाला सांगायची लाज वाटली. असल्या गोष्टी बायकोला काय सांगायच्या, असं आपण म्हणतो, आणि असल्याच गोष्टी पुढे आपल्याला नेतात.

एके सकाळी कामाला बसलो आणि उभा राहायला गेलो तर समोरचं सगळं पांढरं झालं. खाली पडलो, उलटी झाली. काकवीसारखी काळी, त्यात लाल गुठळ्या. सगुणा धावत आली. ती किंचाळली नाही. तिने पदराने माझं तोंड पुसलं, पदराकडे पाहिलं आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली. योग असा, की धोंडूदादा पेंढा उतरवून रिकामी गाडी घेऊन परत चालला होता.

मला त्याच गाडीत घातलं, खाली उरलेला पेंढा पसरला आणि कर्जतचा रस्ता धरला. कासमभाईंची बीबी आमच्या दोन्ही मुलींना हाताला धरून स्वतःच्या घरी घेऊन गेली. मी परत येईपर्यंत त्या तिथेच होत्या. रोज त्यांच्या वेण्या घालून ती त्यांना दुकानाच्या पायरीवर बसवायची, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याकडून बापाची खबर त्यांना आधी कळावी. त्या माउलीचं मी काय फेडणार?

वाटेत मी डोळे मिटून चाकाचा आवाज ऐकत होतो. एक चाक जुनं, ते कुरकुरत होतं. दुसरं माझं, त्याचा आवाज येत नव्हता. मरायला टेकलेल्या माणसाने देवाचं नाव घ्यावं. मला वाटत होतं, धाव चांगली बसली आहे. सगुणा माझं डोकं मांडीवर घेऊन होती आणि धोंडूदादा बैलांना शिव्या देत होता. पण आवाज रडवेला होता, तेव्हा त्या शिव्या बैलांना नव्हत्या.

"औषध काही घेतलंस?"

डॉक्टरसाहेब उंच, किडकिडीत, बोलणं कमी. नाडी पाहिली, पापणी खाली ओढून पाहिली, पोट दाबलं. उलटी कशी होती ते सगुणाला विचारलं, तिने पदरच दाखवला. मग म्हणाले, की पोटात जखम झाली आहे आणि ती वाहते आहे. रक्त थांबलं तर हा उठेल. थांबवायला माझ्याकडे फार काही नाही. अगदी स्वस्थ पडायचं, पोटाला विश्रांती, थोडं थोडं गार दूध आणि मी देतो ती पूड. असं स्पष्ट सांगितलं म्हणून मला ते आवडले. खोटा धीर दिला असता तर मी आणखी घाबरलो असतो.

त्यांनी विचारलं, दारू घेतोस का. मी हो म्हटलं. मग विचारलं, "औषध काही घेतलंस?"

मी नाही म्हटलं.

मी खोटं बोललो नाही, हे वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावं. औषध म्हणजे वैद्य देतो ते, डॉक्टर बाटलीत भरून देतो ते, ज्याला पथ्य असतं ते. वाण्याकडून काडेपेटी आणि हिंगाबरोबर आणलेली वस्तू औषध असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुमच्याही आलं नसतं. म्हणून सांगतो, डॉक्टरने विचारलं तर पोटात गेलेली प्रत्येक गोष्ट सांगा. औषध कोणतं ते त्याला ठरवू द्या.

दवाखान्यात खाटा थोड्या. माझ्या शेजारी बुधाबाबा म्हणून एक ठाकर म्हातारा होता, मध काढताना झाडावरून पडून पाय मोडलेला. सकाळी झाडलोट, मग डॉक्टरसाहेबांची फेरी, मग दूध, मग छताकडे पाहणं. दुपारी सगुणा जमिनीवर टेकली की तिचा डोळा लागायचा, तेव्हा बुधाबाबा आपल्या खाटेवरून हात लांब करून टोपीने माझ्या तोंडावरच्या माश्या उडवायचा. बोलायचा नाही. मी पाहिलं की दुसरीकडे बघायचा.

दोन दिवस बरं वाटलं, आणि पुन्हा काळं झालं, पुन्हा उलटी. डॉक्टरसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. बाहेर पडवीत ते भेटायला आलेल्या धोंडूदादाशी हळू बोलले. धोंडूदादा आत आला तो माझ्याकडे न बघता पेंढ्याची काडी चघळत उभा राहिला. मी समजलो. त्या दिवशी मला खरी भीती वाटली. मरणाची वाटली, ती वाटलीच. पण जास्त भीती याची, की थोरल्या मुलीला मी लाकडाची भातुकली करून देतो म्हटलं होतं आणि ती अर्धीच राहिली होती. माणसाला शेवटी असलंच काहीतरी आठवतं.

आणि खांदा दुखतच होता. पडून पडून जास्त दुखत होता. धोतराच्या कनवटीला गोळ्यांची पुडी होती. मी दुधाच्या घोटाबरोबर त्या गिळत होतो, कुणी बघत नसताना. लपवण्यासारखं काही आहे असं वाटत नव्हतं. एवढ्या मोठ्या दुखण्यात खांद्याची तक्रार काय करायची, इतकाच संकोच होता.

सगुणा बोलली

सगुणा परक्या पुरुषापुढे बोलत नसे. दवाखान्यात आल्यापासून ती भिंतीला पाठ लावून बसे, काही विचारलं तर मानेने सांगे. तिचा भाऊ भेटायला आला. चल माहेरी, हा दारुडा मरायचाच आहे, असं माझ्या खाटेपाशी उभं राहून तो म्हणाला, तेव्हाही ती गप्प राहिली. फक्त जागची हलली नाही.

त्या संध्याकाळी तिने मला गोळी तोंडात टाकताना पाहिलं. म्हणाली, अवो, ह्ये आता तरी नका खाऊ. मी म्हटलं, ते खांद्याचं आहे, पोटाचा त्याच्याशी काय संबंध, तू गप बस. डॉक्टरसाहेब दिवा लावायच्या वेळेला फेरीवर आले. त्यांनी नाडी धरली, सोडली आणि निघाले. सगुणा उठली, पदर डोक्यावर घट्ट ओढला आणि दारात त्यांच्या आडवी उभी राहिली.

"सायेब, मला कळत नाय, पन सांगते," ती म्हणाली. "ह्ये पांढऱ्या गोळ्या खात्यात. दारूत कालवून खायचे. हितं बी खात्यात. आजबी खाल्ली."

डॉक्टरसाहेब परत फिरले, खाटेच्या कडेला बसले आणि हात पुढे केला. मी कनवटीची पुडी काढून दिली. त्यांनी ती उघडून पाहिली. मग माझ्यावर न रागावता ते हळूच म्हणाले, "नामदेव, मी वरून जखम बांधतो आहे आणि तू खालून ती खरवडतो आहेस."

मग त्यांनी समजावलं. ही गोळी दुखणं थांबवते हे खरं, पण पोटाच्या आतल्या कातडीला ती जाचते. दारूही जाचते. दोघी एकत्र गेल्या, आणि त्याही रिकाम्या पोटी, तर आतली कातडी शाबूत राहत नाही. शिवाय ती पोटात असली की रक्त लवकर थांबत नाही, असा त्यांना स्वतःला संशय होता. पुस्तकांत याबद्दल फारसं लिहिलेलं नाही, पण मी असे रोगी पाहिले आहेत, असं म्हणाले. पुडी खिशात घालून गेले.

मी सगुणाशी दुसऱ्या दिवसापर्यंत बोललो नाही. घरचं भांडं चारचौघांत फोडलं, असं मला वाटलं. ती दुधाचं भांडं तोंडाला लावायची, मी प्यायचो आणि तोंड फिरवायचो. बुधाबाबाने हे सगळं पाहिलं. शेवटी त्याच्याने राहवलं नाही. एवढंच म्हणाला, "बाय चांगली हाय रं तुझी. माजी आसती तं मी झाडावं चढलोच नसतो."

मला हसू आलं. हसताना पोट दुखलं, आणि का कोण जाणे, रडूही आलं. सगुणा घाबरून जवळ आली. मी तिचा हात धरला. दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत. ती हात सोडवत होती आणि सोडवतही नव्हती.

बर्फ

डॉक्टरसाहेब म्हणाले होते, की चघळायला बर्फ मिळाला तर बरं. आता आमच्या खालापूर तालुक्यातल्या माणसाने बर्फ कुठून आणायचा? पण ही गोष्ट धोंडूदादाने चौकला परतल्यावर कासमभाईंच्या कानावर घातली. कासमभाईंचा मेहुणा कर्जत स्टेशनाबाहेर सोडावॉटर विकायचा, त्याच्याकडे मुंबईहून गाडीने बर्फ यायचा. दुसऱ्या दिवशी कासमभाई स्वतः गोणपाटाचं गाठोडं घेऊन दवाखान्यात हजर. गाठोड्यात लाकडाचा भुसा आणि भुशात बर्फ.

त्यांनी गाठोडं सोडलं आणि सागाच्या भुशाचा वास आला. इतके दिवस औषधांचा आणि फिनेलचा वास होता नाकात. त्या वासाने मला वाटलं, आता मी घरी जाणार. बर्फाचा खडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून पडलो, तोंडात गारवा, नाकात माझी सुतारशाळा.

कासमभाई खाटेशी उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "माज्या हातानं दिल्या रं त्या गोळ्या तुला." मी त्यांना सांगितलं, तुम्ही एक म्हणालात, मी चार खाल्ल्या. तुम्ही दारूचं नाव काढलं नव्हतं, ते डोकं माझं. पण त्यांचं समाधान झालं नाही. मेहुण्याला बजावून गेले, आणि पुढे रोज बर्फ येत राहिला.

गोळ्या बंद झाल्या आणि रक्त थांबलं. एकदम नाही, पण थांबलं. दुधानंतर पेज आली, पेजेनंतर मऊ भात. पहिल्या भाताला काय चव होती म्हणून सांगू. नुसता भात आणि मीठ, पण मी वरणाची आठवणही काढली नाही.

ज्यांची अंगं दुखतात त्यांच्यासाठी

आता कामाचं बोलतो. अंग दुखणं हे आपल्या पाचवीला पुजलं आहे, आणि संध्याकाळी घोटभर घेणारेही पुष्कळ आहेत. त्यांना दारू सोडा म्हणून मी कीर्तन करणार नाही, मी सोडली ती माझ्यापुरती. पण प्यालात तर गोळी घेऊ नका. दारूबरोबर नको, दारूवर नको, आणि दुसऱ्या दिवशी डोकं फुटत असलं तर उताऱ्याबरोबर तर मुळीच नको. त्या डोकेदुखीला पाणी प्या, पेज प्या, झोपा. ती आपली आपण जाते. न प्यालेल्या दिवशी गोळी घ्यायची वेळ आली तर पोटभर जेवून, पाण्याबरोबर, सांगितली असेल तेवढीच. अनुपान आणि अनशापोटी हे वैद्याच्या मात्रेला, हिला नाही. रोज लागू लागली तर गोळी वाढवू नका, डॉक्टर गाठा. ज्याचं पोट आधीच जळतं त्याने विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि परसाकडे काळं झालं किंवा उलटी काळी झाली, तर लाजू नका, घरात सांगा आणि गाडी जुंपा.

कासमभाईंनी आता स्वतःचा कायदा केला आहे. गोळी मागितली की आधी तोंडाचा वास घेतात आणि मग विचारतात, जेवलास काय. लोक चेष्टा करतात, की एवढी चौकशी, गोळी द्यायची का पोरगी. मी खांद्यासाठी मागून पाहिली तर म्हणाले, "तुला नाय. जलमात नाय." आणि तिळाच्या तेलाची बाटली पुढे सरकवली. सगुणा रोज तेल चोळते. खांदा पूर्वीइतका होणार नाही, पण वाकस उचलतो.

धोंडूदादाचं दुसरं चाक

घरी आल्यावर आधी भातुकली पुरी केली. मग बरेच दिवस हलकी कामं केली. उन्हाळा लागता धोंडूदादाने गाडीचं दुसरं चाक आणलं, ते कुरकुरणारं. जुनं खोललं, नवं केलं आणि धाव चढवायचा दिवस आला. माझ्या मनात धाकधूक. उपाशी राहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि बापाने घालून दिलेला रिवाज मोडायचा तर चाक दगा देईल की काय, ही भीती. सुतारकीत असली भीती हसण्यावारी नेता येत नाही. मी काही न खाताच आर पेटवला.

धाव लाल व्हायला आली आणि सगुणा ताट घेऊन आली. त्या दिवशी बायका आराजवळ येत नाहीत. ती सगळ्यांच्या मधून चालत आली आणि माझ्यापुढे थांबली. भाकरी, गूळ, वाटीत दूध.

"तुमच्या बापानं सांगितलं त्ये मला ठावं हाय," ती म्हणाली. "पन त्यांनी मला सून करून आनलं, रांडाव करायला नाय. खावा."

सांडशी धरून उभे असलेले गडी खाली बघायला लागले. धोंडूदादा खाकरला आणि म्हणाला, "खा रं नामा. चाक माजं हाय, वाकडं बसलं तं मी बघून घेईन."

मी उभ्या उभ्या भाकरी खाल्ली, दूध प्यालो, हात धुतले. मग धाव उचलली, घातली, पाणी ओतलं. वाफ उडाली, सांधे वाजले. वाफ विरली तेव्हा मी चाकाभोवती फिरलो, हात फिरवला, एका बाजूने डोळा लावून पाहिलं. कुठे केसभरही फट नव्हती. बापाची क्षमा मागितली, मनातच.

धोंडूदादाने रिवाजाप्रमाणे बाटली काढली आणि थोडा अडखळला. मी त्याच्या हातातून घेतली आणि सगळी चाकावर ओतली. तापलेल्या धावेवर ती चरचरली आणि उडून गेली. गड्यांची तोंडं जरा उतरली. सगुणा दारात रिकामं ताट घेऊन उभी होती. मी तिला विचारलं, ह्या सगळ्यांना पुरेल इतकी भाकरी आहे का.

तिने सकाळीच करून ठेवली होती.